फोनची स्क्रीन छापता आली तर?

मागच्या महिन्यात लालबागला बाइकवरून उतरताना माझा फोन पडला. काचेबरोबर आतली ओलेड स्क्रीनही गेली. दादर स्टेशनजवळच्या रिपेअरवाल्याने खर्च सांगितला, तेव्हा वाटलं, यात थोडे घातले तर नवा फोन येईल! ही स्क्रीन इतकी महाग का?

ओलेडमध्ये कार्बनी रेणूंचे अतिशय पातळ थर असतात. वीज गेली की ते स्वतःच उजळतात. फोनच्या स्क्रीनसाठी हे थर निर्वात चेंबरमध्ये, धातूच्या बारीक जाळीतून वाफेने बसवतात. मशीन प्रचंड महाग, त्यात बरंच मटेरियल जाळीवरच वाया जातं.

दुसरा रस्ता म्हणजे रेणू द्रावणात विरघळवून इंकजेटसारखे छापायचे. केंब्रिजच्या संशोधकांनी द्रावणातून बनवलेला पॉलिमर एलईडी १९९० मध्येच दाखवला होता. पण धंदा जमायला वेळ लागला. जपानची जेओलेड २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली. चीनच्या टीसीएल सीएसओटीने २०२४ च्या अखेरीस छापील ओलेडचं उत्पादन सुरू केलं, तेही मेडिकल मॉनिटरपासून.

घोडं अडतं ते रेणूपाशी. भिंतीला दुसरा हात मारताना पहिला सुटून आला तर? इथेही वरच्या थराच्या सॉल्व्हंटने खालचा थर विरघळता कामा नये. शिवाय साध्या रेणूंमध्ये विजेने उत्तेजित झालेल्या चारांपैकी साधारण एकच प्रकाश देऊ शकतो, बाकी तिघांची ऊर्जा फुकट. इरिडियम घातलं की ती वापरता येते, पण तो धातू दुर्मिळ. २०१२ मध्ये जपानच्या अदाची यांच्या गटाने धातूशिवायही हे जमतं, असं दाखवलं. आता असाच रेणू हवा, जो नीट विरघळेल, सुकताना गुठळ्या करणार नाही आणि टिकेल. निळा तर सगळ्यात आधी दमतो.

केंद्राने डिसेंबर २०२१ मध्ये चिप आणि डिस्प्लेसाठी ७६,००० कोटींची योजना आणली. चर्चा सगळी कारखान्यांची. माझं म्हणणं वेगळं आहे: रेणूकडेही बघा. माझे आजोबा परळच्या गिरणीत रंगखात्यात होते. गिरण्यांना रंग-कापडाचं रसायनशास्त्र शिकलेली माणसं लागायची, आणि ते शिकवणारी माटुंग्याची आयसीटी, म्हणजे जुनी यूडीसीटी, १९३३ पासून आहे. ओलेडचा रेणूही शेवटी रंगद्रव्याचाच भाऊबंद. त्यात आज तो बनवण्याआधी कॉम्प्युटरवर तपासता येतो, म्हणजे आपल्यासारख्या कोडवाल्यांनाही काम आहे.

फॅब उभारायला हजारो कोटी लागतात. रेणू शोधायला त्यामानाने फार कमी. ही संधी सोडली, तर उद्या स्क्रीन इथे छापली तरी शाई बाहेरूनच आणावी लागेल.