स्वतःच्या जागेत घर बांधणाऱ्याच्या करारनाम्याविषयी

मा. सचिव,
सार्वजनिक बांधकाम विभाग, महाराष्ट्र शासन, यांस


आपला विभाग एखाद्या लहानशा पुलाचे काम मक्त्याने देतो, तेव्हा बी-१ अथवा बी-२ नमुन्यातील निविदेत कामाचा बाबवार तपशील, मुदत, अनामत रक्कम, मोजमापाची रीत आणि काम पुरे झाल्यावर निघणाऱ्या दोषांचे दायित्व, हे सारे आधीच ठरलेले असते. याच राज्यातला सामान्य गृहस्थ मात्र आयुष्यभराची पुंजी ज्या घरात घालतो, ते घर बहुधा वहीच्या एका पानाच्या भरवशावर उभे राहते. माझ्या परिचयाच्या एका निवृत्त शिक्षकांपाशी असे पान मी पाहिले: प्रति चौरस फूट दर, पोचलेला बयाणा, दोन सह्या आणि ‘काम चांगल्या प्रतीचे करून देण्यात येईल’ हे एक वाक्य. तो चौरस फूट कशाचा, हे त्यात नव्हते. छज्जा, जिना आणि गच्चीवरची टाकी मोजणीत पूर्ण धरावयाची, अर्धी की मुळीच नाही, यावरून स्लॅब भरल्यावर वाद पेटला आणि काम थांबले.

सदनिका घेणाऱ्याच्या पाठीशी २०१६ चा स्थावर संपदा कायदा आहे. करारनामा नोंदविल्यावाचून विकासकास किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, आणि ताब्यापासून ५ वर्षांत कळविलेला रचनेतील दोष त्याला विनामोबदला दूर करून द्यावा लागतो. स्वतःच्या भूखंडावर स्वतःसाठी घर बांधून घेणारा त्या कायद्याच्या कक्षेत येत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने गृहबांधणी ही सेवा मानल्यामुळे ग्राहक आयोगाचे दार त्याला मोकळे आहे खरे, परंतु तेथे पुरावा म्हणून तो काय दाखल करणार?

यास्तव आपण अशा घरांसाठी मराठीत एक नमुना करारनामा तयार करवावा, अशी माझी दरखास्त आहे. त्यात ‘चांगल्या प्रती’ऐवजी काँक्रीटची प्रत लिहिलेली असावी; आयएस ४५६ नुसार प्रबलित काँक्रीटसाठी ती किमान एम-२० हवी. सिमेंट व सळई कोणत्या प्रकारची, आणि आराखडा कोणत्या अभियंत्याचा, हेही त्यात यावे. काँक्रीटला पाणी मारण्याचे कलम तर स्वतंत्रच हवे. तेच मानक साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान ७ दिवस आणि मिश्र सिमेंटच्या काँक्रीटला किमान १० दिवस सतत ओलावा सांगते. परंतु उन्हाळ्यात, जेथे पिण्याचे पाणीच टँकरने येते तेथे, ते पाणी आणावयाचे कोणी आणि त्याचा खर्च कोणाचा, याचा उल्लेख कागदावर नसल्यामुळे मक्तेदार मालकाकडे बोट दाखवितो, मालक मक्तेदाराकडे, आणि स्लॅब कोरडाच राहतो. पुढे पावसाळ्यात गळती लागली, म्हणजे कसूर कोणाचा हे सिद्ध करणे दुरापास्त होते.

पैशाचे हप्ते तारखेशी न बांधता जोते, स्लॅब, वीटकाम, गिलावा अशा पुऱ्या झालेल्या टप्प्यांशी बांधावेत, आणि शेवटचा हप्ता एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवण्याची मुभा मालकास असावी. जादा काम दर ठरवून लेखी मान्यता मिळाल्याखेरीज सुरू होऊ नये. मजुरांच्या अपघाताचा विमा कोणी उतरवावयाचा, हेही स्पष्ट असावे. मक्तेदाराच्या हिताचेही एक कलम मी आग्रहाने मागतो: टप्पा पुरा होऊनही मालकाने हप्ता अडविला, तर ठरलेल्या दिवसांनंतर त्यावर व्याज चालू व्हावे आणि काम थांबविण्याचा अधिकार त्याला मिळावा. गवंड्यांची मजुरी त्याला दर आठवड्याला द्यावी लागते. मालकाच्या सवडीची वाट पाहणे त्याला परवडत नाही.

हा मसुदा आपल्या प्रत्येक उपविभागीय कार्यालयात विनामूल्य मिळावा, आणि बांधकाम परवानगीच्या अर्जासोबत त्याची प्रत देण्याची सूचना नगरविकास व ग्रामविकास विभागांना आपण करावी, अशी विनंती आहे.

आपला,
एक नागरिक