खरजेची चिठ्ठी एका नावाची नसते

‘अंगाला खाज सुटलीय, एखादं मलम द्या.’ तालुक्याच्या गावात मेडिकल चालवणाऱ्या माझ्यासारख्याला हे रोजचं आहे. मी उलट विचारतो, रात्री वाढते का? घरात आणखी कोण खाजवतंय? उत्तर ‘हो, सगळेच’ असं आलं आणि बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेभोवती बारीक पुरळ असलं, की मलम न देता डॉक्टरांकडे पाठवतो. बहुधा ती खरूज निघते. लोक मात्र उष्णतेला नाहीतर बदललेल्या पाण्याला दोष देत कडुनिंबाचा पाला उकळत बसलेले असतात. दोष असतो अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान किडीचा; तिची मादी कातडीच्या वरच्या थरात बोगदा करून अंडी घालते.

चिठ्ठी येते ती बहुतेकदा पर्मेथ्रिन या कीड मारणाऱ्या मलमाच्या एका ट्यूबची. मोठ्या माणसाला मानेपासून तळव्यापर्यंत, बेंबीत, नखांखाली नीट लावायचं तर ३० ग्रॅमची ट्यूब एका रात्रीतच संपते. सकाळी आंघोळ, आणि आठवड्याभराने पुन्हा तेच. शिवाय लावायचं घरातल्या सगळ्यांनी, एकाच रात्री, खाज नसली तरी. पहिल्यांदा लागण झालेल्याला खाज सुटायलाच ४ ते ६ आठवडे लागतात. तोवर तो बिनबोभाट वाटत फिरतो. सहा माणसांचं गणित मांडलं की गिऱ्हाईक गप्प होतं आणि स्टेरॉइड मिसळलेल्या स्वस्त ट्यूबकडे बोट दाखवतं. तिने खाज दबते, कीड मरत नाही, वर पुरळ असं बदलतं की डॉक्टरही चकावेत. ही ट्यूब चिठ्ठीशिवाय विकणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंचा मला राग येतो.

वसतिगृहांत तर कहरच. तक्रार करणाऱ्या पोराला ट्यूब देऊन घरी धाडतात, शेजारच्या गादीवरचा तसाच. सगळ्यांना एकदम औषध दिलं तर काय होतं, ते फिजीत दिसलं. तिथे संशोधकांनी काही बेटांवर जवळजवळ सगळ्यांनाच आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या दिल्या. वर्षभरात खरजेचं प्रमाण ३२ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आलं. गरोदर बायका आणि १५ किलोखालची मुलं यांना त्या गोळ्या देत नाहीत, पण वसतिगृहातल्या बहुतेक मुलांना ही अडचण नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सगळ्या मुलांना एकाच दिवशी औषध द्यावं, पांघरुणं त्याच दिवशी गरम पाण्यात धुऊन काढावीत. आणि सरकारी दवाखान्यात खरजेच्या चिठ्ठीवर रुग्णाच्या नावाखाली घरातली माणसं किती, हे लिहून तेवढं औषध फुकट द्यावं.

उपचारानंतरही दोन-चार आठवडे खाज राहते, हेही तिथेच सांगावं. नाहीतर लोक पुन्हा माझ्याकडेच येतात, त्या स्वस्त ट्यूबसाठी.