शब्दविचार : ‘म्हणे’

नीरा डाव्या कालव्याचे आवर्तन सुरू झाले, की बारामतीकडून इंदापुराकडे वार्ता निघते : ‘पाणी सुटले म्हणे.’ उसाला विहिरीचे पाणी द्यावे की कालव्याची वाट पाहावी, हे शेवटाकडच्या शेतकऱ्याने एवढ्यावरच ठरवायचे. इंग्रजीत येथे वेगवेगळी क्रियाविशेषणे आहेत. कोणी वृत्त दिले असेल तर ‘रिपोर्टेडली’, खुणांवरून तर्क असेल तर ‘अपॅरंटली’, बोलणाऱ्यालाच शंका असेल तर ‘सपोझेडली’; सिद्ध न झालेल्या आरोपाला ‘अलेजेडली’. मराठीतील ‘म्हणे’ हे सारे स्वरावर सोपवतो, आणि कागदावर स्वर उतरत नाही. म्हणून वृत्तपत्रे आरोपापुढे ‘कथित’ लिहितात. मोबाइलवरून बातमी पुढे धाडताना नेमका तोच गळतो. ‘कथित चोर’ पुढच्या गावात नुसता ‘चोर’ होऊन पोहोचतो.