आधीं कान, मग लेखणी

महाराष्ट्रांत २००० सालापासून मराठी माध्यमाच्या शाळांतहि पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी विषय सुरू झाला. तत्पूर्वीं तो पांचवींत येत असे. आतां सहा वर्षांच्या बालकाच्या दप्तरांत इंग्रजीची वही असणें हें कोणत्याहि घरीं नवलाचें राहिलेलें नाहीं. परंतु त्या वहींत काय लिहिलें जातें, इकडे वडील मंडळींनीं क्षणभर लक्ष द्यावें, अशी आमची विनंति आहे. पानेंच्या पानें सुवाच्य अक्षरांनीं भरलेलीं असतात; चार रेघांच्या बाहेर एकहि वळण गेलेलें नसतें. तथापि तें पान मिटून त्याच मुलास, "आपल्या आजीविषयीं इंग्रजींत दोन वाक्यें लिही," असें म्हटलें, तर लेखणी जागची हालत नाहीं. कारण उघड आहे. त्यानें आजवर केली ती नक्कल, लेखन नव्हे. कित्ता हातास वळण लावितो. मनांतील गोष्ट कागदावर आणण्याची विद्या त्यानें येत नाहीं.

या अडचणीचें मूळ बहुधा पहिल्याच धड्यांत असतें. आमची वर्णमाला कंठ, तालु, मूर्धा, दंत, ओष्ठ अशा स्थानक्रमानें मांडलेली असून तींत अक्षराचें नांव तोच त्याचा ध्वनि. 'क', 'म', 'ळ' म्हटलें कीं 'कमळ' आपोआप ऐकूं येतें. इंग्रजीची गोष्ट निराळी. तेथें 'सी', 'ए', 'टी' हीं नांवें कितीहि जलद उच्चारलीं तरी त्यांतून 'कॅट' निघत नाहीं. अक्षरें २६ आणि ध्वनि सुमारें ४४! एकटा 'ए' हाच 'कॅट', 'केक', 'कार' व 'बॉल' या चार शब्दांत चार रूपें घेतो. मग मूल बिचारें स्पेलिंग घोकूं लागतें व प्रत्येक शब्द चित्रासारखा पाठ करतें. शंभर शब्दांपर्यंत हें निभतें, पुढें स्मृति थकते, आणि घरचीं माणसें म्हणतात, "याला इंग्रजीची गोडीच नाहीं."

हा घोळ इंग्रजांनीं मुद्दाम केला, असें मात्र नव्हे. कॅक्स्टननें १४७६ सालीं इंग्लंडांत छापखाना आणिला. छापण्याच्या ओघांत शब्दांचीं रूपें हळूहळू स्थिर झालीं, परंतु उच्चार बदलतच राहिले. योद्धा या अर्थाच्या 'नाइट' शब्दांतील आरंभीचा 'के' एके काळीं खरोखरच उच्चारला जात असे. आज तो केवळ कागदावर उरला आहे.

खुद्द इंग्लंडांतहि मुलांस वाचावयास कसें शिकवावें, यावर पुष्कळ वाद झाले. २००६ सालच्या रोज यांच्या अहवालानें अक्षरांच्या नांवांऐवजीं त्यांचे ध्वनि क्रमानें शिकवून ते जोडावयास लावण्याच्या पद्धतीचा पुरस्कार केला. २०१२ पासून तेथें पहिल्या वर्षाच्या मुलांची ४० शब्दांची परीक्षा घेतात. त्यांतील २० शब्द मुद्दाम निरर्थक असतात. पाठांतर कोठें संपतें आणि वाचन कोठें सुरू होतें, हें यावरून तत्काळ कळतें. या पद्धतींत आरंभीं 'एस', 'ए', 'टी', 'पी', 'आय', 'एन' हीं सहा अक्षरें घेण्याची चाल आहे. एवढ्यावर मूल 'पिन', 'टॅप', 'पॅन', 'स्पिन' असे कितीतरी शब्द स्वतः वाचूं व लिहूं लागतें. आम्हांस यांत परकें कांहींच दिसत नाहीं. तैत्तिरीयोपनिषदाच्या शीक्षावल्लींतहि अध्ययनाचे विषय सांगतांना वर्ण व स्वर यांचीच गणना प्रथम केली आहे.

आपल्या मुलांस कांहीं ध्वनि निराळे दाखवावे लागतात. 'व्ही' आणि 'डब्ल्यू' या दोहोंस आपण एकच 'व' देतों. पहिल्यांत वरचे दांत खालच्या ओठास टेकतात, दुसऱ्यांत ओठ गोल होतात. आरसा समोर धरला कीं मुलास हें हंसतखेळत समजतें.

शब्द हातीं आले कीं वाक्याकडे वळावें. आपलें क्रियापद शेवटीं येतें, म्हणून मूल "आय मँगो ईट" असें लिहितें. त्यावर रागावूं नये; तें मराठीचेंच व्याकरण निष्ठेनें पाळीत असतें. आधीं त्याच्याकडून वाक्य तोंडीं म्हणवावें, आपण तें शुद्ध करून पुन्हा म्हणावें, मग त्यानें लिहावें. जें तोंडांत नाहीं, तें लेखणींत कोठून येणार? तपासतांनाहि एका वेळीं एकच दोष दाखवावा. लाल शाईनें माखलेलें पान पाहून मूल शुद्ध लिहावयास शिकत नाहीं. तें लिहिणेंच टाळावयास शिकतें.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. इंग्रजीसाठीं मराठीची वही बंद करण्याची जी घाई पुष्कळ सुशिक्षित घरांत चालते, ती इंग्रजीसच मारक आहे. एका भाषेंत कमावलेली वाचनलेखनाची शक्ति दुसरीच्या उपयोगीं पडते, असा सिद्धांत कॅनडांतील जिम कमिन्स यांनीं १९७९ सालीं मांडला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेंहि शक्य तेथें निदान पांचवीपर्यंत घरची भाषा हेंच माध्यम असावें, असें म्हटलें आहे. ज्या मुलास सहलीचा वृत्तांत मराठींत दहा ओळींत सांगतां येतो, त्याला इंग्रजींत केवळ शब्द हवे असतात. ज्याला मराठींतहि तो सांगतां येत नाहीं, त्याची अडचण भाषेची नसून विचारांच्या जुळणीची असते. आणि ती इंग्रजी शिकवणीनें दूर होत नाहीं.

एकत्र कुटुंबांत हें काम करावयास माणसांची वाण नाहीं. आजीनें गोष्ट मराठींत सांगावी, मुलानें ती मराठींत चार ओळींत लिहावी. काका, आत्या किंवा थोरली बहीण यांपैकीं कोणीं तरी त्यांतील दोन ओळी त्याच्याकडून इंग्रजींत म्हणवून मग लिहवून घ्याव्या. रोज पंधरा मिनिटें पुरेत. पाहुण्यांपुढें कविता म्हणून दाखविण्यापेक्षां स्वतःच्या मनांतलें एक वाक्य, मग तें मोडकें कां असेना, कागदावर उतरविणारें मूल पुढें अधिक शिकेल. त्या वाक्याचें कौतुक घरानें आधीं करावें. शुद्धलेखन त्याच्या पाठोपाठ येईल.