तेल डब्याला, चपलेला नव्हे!

आईने शेवटच्या कोल्हापूर फेरीत माझ्यासाठी चपला घेतल्या होत्या. आधी अंबाबाईचं दर्शन, मग चप्पल लाइन, हा तिचा ठरलेला क्रम. "किंमत बघू नकोस गं," म्हणाली. पण दोन्ही चपलांच्या टाचेच्या जागी किमतीचे स्टिकर, हे एवढाले! सणासुदीला घालू म्हणून कपाटात गेल्या त्या गेल्याच. आई गेली, वर्ष उलटलं. परवा भाचीच्या लग्नासाठी बाहेर काढल्या. डावीचा स्टिकर ओढला, तर निम्मा कागद हातात, निम्मा चपलेवर आणि खाली डिंकाचा चिकट थर.

शेजारच्या काकू दारातच होत्या. "अगं, खोबरेल तेल लाव की! डब्यांवरची लेबलं मी तशीच काढते." लावलं. चिकटपणा कमी झाला, पण तिथे रुपयापेक्षा मोठा काळपट डाग उतरला. पुसला, घासला, हलेना. रडूच आलं मला.

काकूंचं काही चुकलं नव्हतं. स्टीलवर तेलाने डिंक सैल होतो आणि फडक्याने दोन्ही निघून येतात. कोल्हापुरीचं चामडं मात्र बाभळीची साल, हिरडा यांत कमावलेलं. वर प्लास्टिकचा थर नाही. ते तेल पितं आणि तेलाबरोबर सैल झालेला डिंकही आत ओढतं. रॉकेल, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर तर त्याहून वाईट, रंगही जातो. हेअर ड्रायरच्या कडक झोताने डिंक पातळ होऊन आत मुरतो आणि चामडं आकसतं ते वेगळंच.

माझा राग आहे तो आपल्या टिपांवर. 'अमुक लावा, डाग गायब!' अहो, पण कशावरचा? ते कुणी लिहीतच नाही. अशी कात्रणं माझ्याही वहीत ढिगाने आहेत.

शेवटी उजवी चप्पल तशीच उचलून बाजारातल्या चप्पल शिवणाऱ्या मामांकडे गेले. ते म्हणाले, "ताई, हे चामडं तहानलेलं असतंय. वलं काय लावायचंच न्हाई." त्यांनी आधी कागद नखाने नव्हे, बोटाच्या पेराने हळूहळू सोडवला. मग कच्च्या रबराचा तुकडा घेऊन कडेकडून आत घासत गेले. डिंकाच्या बारीक गोळ्या व्हायला लागल्या. राहिलेला चिकटा सेलोटेप दाबून, उचलून, पुन्हा दाबून काढला. घरी साधा खोडरबरही चालतो म्हणाले, फक्त पांढरा, स्वच्छ हवा. शेवटी चिमूटभर टाल्कम पावडर, सकाळी कोरड्या ब्रशने झटकायची. पाऊण तास गेला, पण चप्पल कोरी!

पर्स असो, पट्टा असो, आधी आतल्या न दिसणाऱ्या जागी पाण्याचा एक थेंब ठेवून बघा. थेंब तसाच उभा राहिला तर वर थर आहे, किंचित ओल्या फडक्याला तो दाद देईल. जागा लगेच काळी पडली तर बाटल्या सगळ्या फडताळात ठेवा आणि खोडरबर घ्या.

खरं तर स्टिकर लावायचाच कशाला? कोल्हापुरी चपलेला २०१९मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. २०२५मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने तशाच चपला दाखवल्या, तेव्हा आपण केवढे रागावलो! आणि इथे दुकानात त्याच चामड्यावर किमतीचा कागद डकवतो. पट्ट्याला दोऱ्याने चिठ्ठी बांधायला कितीसा खर्च येतो? मी तर आता दुकानदाराला आधीच सांगते, चिकटवलेली जोडी नको.

डाव्या चपलेवर मी चार रात्री कॉर्नफ्लॉवर पसरून ठेवलं. रोज थोडं तेल ओढलं गेलं, डाग फिका झाला, गेला नाही. मामा म्हणाले, "दोन्ही जोड्याला सारखं तेल चोळा, रंग एक हुतोय." खरं आहे, पण मग आईने निवडलेला तो फिका बदामी रंग जाईल. लग्नात तशाच घातल्या, एक कोरी, एक डागाची. पाय आत गेला की डाग टाचेखाली झाकतो.