चांगल्या शाळेतलं मूल आणि नशा

अमेरिकेत घर घेताना आपली मराठी मंडळी आधी काय बघतात? त्या भागातल्या पब्लिक स्कूलचं रेटिंग. तिथे ही सरकारी, मोफत शाळा असते आणि कोणती शाळा मिळणार हे बहुधा घराच्या पत्त्यावर ठरतं. शाळा नावाजलेली, शेजार सुशिक्षित, म्हणजे आपलं मूल नशेपासून लांब राहील, असं तुम्हालाही वाटत असेल. माझ्या मते हाच समज सगळ्यात धोक्याचा आहे.

भारतात जन्मलेल्या मानसशास्त्रज्ञ सुनिया लूथर यांनी १९९९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात अमेरिकेतल्या सधन उपनगरातली आणि गरीब शहरी वस्तीतली हायस्कूलची मुलं यांची तुलना होती. सिगारेट, दारू, गांजा आणि इतर नशेचं प्रमाण सधन मुलांमध्ये जास्त निघालं! पुढे सधन भागातल्या मुलांचा मोठेपणीही मागोवा घेतला गेला. सव्विसाव्या वर्षापर्यंत व्यसनाचं निदान झालेल्यांचं प्रमाण देशातल्या सर्वसाधारण प्रमाणाच्या दोन ते तीन पट आढळलं.

असं का होतं? सतत पुढे राहण्याचा ताण, हातात खेळणारा पैसा आणि मोकळं घर ही काही कारणं. परीक्षेच्या आदल्या रात्री जागण्यासाठी मित्राकडून अ‍ॅडरॉलची गोळी घेतली जाते. हे एडीएचडीचं औषध आहे, 'अभ्यासाची गोळी' नव्हे. शिवाय ओळखीतून किंवा फोनवरून मिळणारी गोळी बनावट असू शकते आणि तिच्यात फेंटानिल असू शकतं. हे हेरॉइनपेक्षा सुमारे ५० पट तीव्र असतं. त्याने श्वास थांबतो. अशी एक गोळीही जीव घेऊ शकते.

आता जरा कटू बोलतो. गरीब वस्तीतला मुलगा गांजासह सापडला तर प्रकरण पोलिसांपर्यंत जातं. सधन घरातला सापडला तर वकील येतो, शाळेशी बोलणं होतं आणि विषय मिटतो. कॉलेजचा प्रवेश वाचतो, 'लोक काय म्हणतील' हा प्रश्नही सुटतो. पण मूल शिकतं ते इतकंच, की आपल्याला काही होत नाही. उपचार मात्र राहून जातात. पैशाने प्रकरण मिटतं, व्यसन मिटत नाही.

मग तुम्ही काय करावं?

• नशा केली तर घरात ती गांभीर्याने घेतली जाईल, हे मुलाला आधीच सांगा. ज्या मुलांना हे पक्कं ठाऊक असतं ती नशा कमी करतात, असं लूथर यांच्याच संशोधनात दिसलं.
• रोज मार्कांखेरीज दुसरं काहीतरी बोला.
• घरातली वेदनाशामक आणि झोपेची औषधं कुलपात ठेवा.
• झोप, मित्र किंवा स्वभाव अचानक बदलला तर 'वयच तसं आहे' म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा.
• अमेरिकेत असाल तर नॅलॉक्सोनचा नाकातला स्प्रे घरी ठेवा. २०२३ पासून तो चिठ्ठीशिवाय मिळतो. मूल उठत नसेल, श्वास मंदावला असेल तर ९११ ला फोन करा आणि स्प्रे द्या.

मूल सापडलं तर वकिलाच्या आधी डॉक्टरांना फोन करा. शाळेचं रेटिंग बघून तुम्ही घर निवडलंत, आता त्या घरात मूल कसं आहे तेही बघा.