घराचा भाव ठरतो कुठे?

मुंबई-पुण्यात नवी सदनिका घेऊ पाहणाऱ्याला विकासकाच्या विक्री कार्यालयात एक अनुभव हमखास येतो. प्रति चौरस फूट दर कमी करा म्हटले की समोरचा प्रतिनिधी नकारार्थी मान हलवतो. मात्र मुद्रांक शुल्क आम्ही भरू, वरच्या मजल्याचा जादा आकार सोडून देऊ, स्वयंपाकघर सजवून देऊ, असे म्हणायला तो एका पायावर तयार असतो. आपण काहीतरी पदरात पाडून घेतले, अशा समाधानात ग्राहक घरी परततो. प्रत्यक्षात विकासकाला जे जपायचे होते ते त्याने जपलेले असते. करारनाम्यात नोंदला जाणारा दर हा त्याच्या लेखी एका सदनिकेपुरता नसतो. पुढचा ग्राहक, कर्ज देणारी बँक आणि आधीच हप्ते भरत असलेले खरेदीदार या सर्वांसाठी तो दाखला ठरतो. तो एकदा खाली आला की वर चढवणे कठीण.

ही सवलत खरोखर किती पडते, हे कागद-पेन्सिल घेऊन पाहण्याजोगे आहे. मुंबईत बांधकाम सुरू असलेल्या इमारतीतील एक कोटी रुपयांचे घर घ्या. मेट्रोचा अधिभार धरून मुद्रांक शुल्क सहा टक्के, म्हणजे सहा लाख. हे विकासकाने भरले, तर पाच टक्के वस्तू व सेवा करासह ग्राहकाला एक कोटी पाच लाख मोजावे लागतील. त्याऐवजी किंमतच सहा लाखांनी उतरवून ९४ लाख केली आणि शुल्क ग्राहकाने भरले, तर ५ लाख ६४ हजार शुल्क आणि ४ लाख ७० हजार कर मिळून खर्च एक कोटी चार लाख ३४ हजार होतो. म्हणजे दर उतरवून घेणे ६६ हजारांनी स्वस्त.

मग ग्राहक शुल्कमाफीच का पत्करतो? त्याचे उत्तर रिझर्व्ह बँकेच्या नियमात आहे. ७५ लाखांवरील गृहकर्जात बँकेला घराच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच कर्ज देता येते आणि त्या किमतीत मुद्रांक शुल्क धरता येत नाही. किमतीच्या ७५ टक्केच कर्ज मिळाले, तर पहिल्या प्रकारात ग्राहकाला स्वतःचे सुमारे ३० लाख उभे करावे लागतात, दुसऱ्यात जवळपास ३४ लाख. पगारदार माणसाकडे हप्त्याची ऐपत असते, रोकड नसते. विकासक नेमकी हीच नड ओळखून योजना आखतात.

दराची तुलना करतानाही ग्राहक फसत आला तो क्षेत्रफळाच्या भाषेमुळे. जिना, लॉबी, उद्वाहन यांचा वाटा मिळवून ४५० चौरस फुटांचे घर ७०० फुटांचे म्हणून विकले जाई. दहा हजारांचा दर ऐकून स्वस्त वाटणारे ते घर वापरायच्या जागेच्या हिशेबाने साडेपंधरा हजारांच्या वर जाई. स्थावर संपदा कायदा १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला आणि चटईक्षेत्राची व्याख्या एकच झाली: आतल्या भिंती धरायच्या, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी वगळायच्या. जुन्या घरांच्या खरेदी-विक्रीत मात्र दलालांच्या तोंडी अजून ‘बिल्टअप’च असते आणि हे व्यवहार महारेराच्या कक्षेत येत नाहीत. तेथे फूटपट्टी स्वतःच लावावी.

या घासाघिशीत तिसरा पक्ष असतो तो शासनाचा, आणि त्याची फारशी चर्चा होत नाही. रेडी रेकनर म्हणून ओळखले जाणारे वार्षिक मूल्यदर हे वास्तविक शुल्क आकारणीचे साधन. दोन वर्षे कायम ठेवलेले हे दर एप्रिल २०२५ मध्ये राज्यात सरासरी ३.८९ टक्क्यांनी वाढवण्यात आले. या तक्त्याच्या खाली भाव उतरवणाऱ्या ग्राहकाचे काय होते? समजा, तक्त्यानुसार एक कोटीचे घर गरजू विक्रेत्याकडून त्याने ८८ लाखांना मिळवले. शुल्क एक कोटीवरच भरावे लागते. शिवाय २०२० पासून प्राप्तिकर कायद्यात दहा टक्क्यांपर्यंतचाच फरक क्षम्य आहे. येथे तो ओलांडला गेल्याने सबंध १२ लाख रुपये खरेदीदाराचे उत्पन्न समजले जातात. तीस टक्क्यांच्या कक्षेतील माणसाला त्यापोटी ३ लाख ६० हजार आणि वर अधिभार भरावा लागतो. विक्रेत्याचा करही तक्त्यातील किमतीवरच मोजला जातो, त्यामुळे तोही खाली यायला धजत नाही. काळ्या पैशाला आळा घालण्याचा हेतू योग्यच आहे. पण तक्ता इमारतीचे वय पाहतो, विक्रेत्याची निकड किंवा समोर उभी राहिलेली भिंत पाहत नाही. बाजार मंदावतो तेव्हा प्रामाणिकपणे भाव पाडून घेणाऱ्यालाच दंड बसतो. मूल्यांकन अधिकाऱ्याकडे दाद मागण्याची तरतूद आहे. त्या वाटेला जाण्याइतका वेळ किती जणांकडे असतो?

थोडी रक्कम रोखीने द्या, भाव कमी करतो, हा जुना मार्ग आजही सुचवला जातो. जून २०१५ पासून स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार वा अधिक रोख घेण्यास बंदी आहे आणि घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. खरेदीदाराचा तोटा उशिरा कळतो: कागदावरची किंमत कमी, म्हणून कर्ज कमी, आणि पुढे घर विकताना नफा फुगलेला.

वाहनतळाच्या नावाखालील आकारणीकडेही डोळे उघडे ठेवून पाहावे. इमारतीखालील खांबांमधली जागा स्वतंत्रपणे विकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१० मध्येच स्पष्ट केले आहे. तसेच, नोंदणीकृत करारनामा होण्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास विकासकाला मनाई आहे. एकदा मोठी रक्कम अडकली की बोलणी संपली, हे दोन्ही पक्ष जाणतात.

ग्राहकाच्या हाती खरे शस्त्र आहे ते शेजारच्या व्यवहारांची माहिती. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर सूची क्रमांक दोन पाहता येते. त्याच इमारतीत कोणत्या क्षेत्रफळाला किती मोबदला नोंदला गेला आणि तक्त्यातील मूल्य किती होते, हे त्यात असते. मात्र त्यासाठी मिळकतीचा क्रमांक ठाऊक हवा आणि नोंदी एकेक उघडाव्या लागतात. सवलतीपोटी विकासकाने भरलेले शुल्क या मोबदल्यात दिसत नाही, हेही लक्षात ठेवावे लागते. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पातील किती सदनिका विकल्या गेल्या ते कळते. न विकलेल्या घरांचा आकडा मोठा असेल आणि बांधकाम पुरे होत आले असेल, तर दराचा विषय पुन्हा काढायला हरकत नाही. ही दोन्ही माहिती सरकारजवळच आहे. प्रकल्पाच्या एकाच पानावर ती एकत्र का दिसू नये, याचे उत्तर दोन्ही यंत्रणांकडून मागितले गेले पाहिजे.